अभिजात वाचनाचे हप्ते

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि आमच्या वाचनालयाच्या वाचक मंडळावर एकदम जबाबदारी येऊन पडली. तोवर मंडळाचं बरं चाललं होतं. महिन्यातून एका शनिवारी जमायचं, पुस्तकांच्या किमतींवर हळहळायचं, हल्लीची मुलं वाचत नाहीत यावर एकमत करायचं आणि चहा झाला की चपला शोधायच्या. पण आता भाषाच अभिजात म्हटल्यावर वाचकांनी असं गबाळं राहून कसं चालेल? नानांनी ठराव मांडला, "सरकारने सरकारचं काम केलं. आता प्रत्येकाने आपली आवड सांगायची आणि येत्या वर्षात कोणतं अभिजात पुस्तक वाचणार ते जाहीर करायचं. वहीत नोंद होईल." वही लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण त्या वेळी पेन फक्त माझ्या खिशात होतं.

वही हातात असली की माणसं फार चांगली दिसतात. आवड विचारली की भलेभले चाचरतात. संकल्प विचारला की तेच छाती पुढे काढतात. आवड म्हणजे जेवताना ताटाशेजारी उघडं पडलेलं पुस्तक. संकल्प म्हणजे पाहुणे येणार असं कळल्यावर टीपॉयवर येतं ते. माझ्या वहीत दोन रकाने होते आणि डाव्या रकान्यातल्या माणसाची उजव्या रकान्यातल्या माणसाशी साधी तोंडओळखही नसावी, असं पान भरत चाललं होतं.

पहिला मान नानांचा. नाना बँकेतून निवृत्त झाले. सगळी नोकरी कर्जखात्यांत गेलेली. त्यांनी आवड सांगितली 'वैचारिक' आणि संकल्प सोडला टॉलस्टॉयच्या 'वॉर अँड पीस'चा. "एकूण प्रकरणं ३६१. वर्षाचे दिवस ३६५. रोज एक प्रकरण, चार दिवस शिल्लक. ते गणपतीत जातील." टॉलस्टॉयच्या कादंबरीची परतफेड इतक्या सोप्या हप्त्यांत होऊ शकते, हे ऐकून मंडळ थक्क झालं. नानांनी त्यासाठी वेगळं रजिस्टर घातलं, त्यात रकाने आखले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांचं घोडं अडलं. "एकाच माणसाची किती खाती? कुठे आंद्रेई, कुठे प्रिन्स बोल्कोन्स्की, कुठे आंद्रेई निकोलायेविच. ती पोरगी एकदा नताशा, एकदा नताल्या. केवायसी झालेलं नाही एकाचंही!" त्यांची दुसरी तक्रार अशी की कादंबरी उघडते ती १८०५ सालच्या जुलैतल्या एका समारंभात, आणि तिथले खानदानी रशियन लोक एकमेकांशी फ्रेंचमध्ये बोलतात. "रशियन माणसं रशियात फ्रेंच कशाला बोलतील?" नानांनी विचारलं.

"आमच्या सूनबाई नातवाशी इंग्रजी बोलतात ना, तशाच," काकू म्हणाल्या. त्या दिवसापासून नानांना रशियाचा सरदारवर्ग जरा कळू लागला.

या काकू म्हणजे मंडळातल्या एकमेव अशा सदस्य, ज्यांची नोंद करताना मला पेन उचलावं लागलं नाही. "आवड लिहा, बाबूराव अर्नाळकर."

"आणि संकल्प?"

"उरलेले बाबूराव अर्नाळकर."

हा संकल्प वाटतो तितका किरकोळ नाही. बाबूरावांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आहेत. नानांच्या हिशोबाने रोज एक धरली तरी दोन वर्षं सहज उलटतात. पण सरांनी हरकत घेतली. सर मराठीचे प्राध्यापक होते. निवृत्त झाले तरी तास संपल्याचं त्यांना कुणी सांगितलेलं नाही. झुंजार आणि काळापहाड अभिजात साहित्यात बसत नाहीत, असं ते म्हणाले. "मीही फार वेळ बसत नाही, पाचला कुकर लावायचाय," म्हणून काकूंनी विषय संपवला.

खुद्द सरांचा संकल्प असा, "मी सध्या 'मोचनगड' पुन्हा वाचतोय." रा. भि. गुंजीकरांची १८७१ साली पुस्तकरूपाने आलेली ही कादंबरी मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. सरांनी नाव उच्चारलं आणि खोलीत आदरयुक्त शांतता पसरली. मोचनगडावर आपल्याला पुढचा प्रश्न विचारला जाऊ नये, अशी प्रत्येकाची इच्छा असल्यामुळे ती बराच वेळ टिकली. मला कौतुक वाटलं ते 'पुन्हा'चं. सर कोणतंही पुस्तक पहिल्यांदा वाचत नाहीत. 'लीळाचरित्र' पुन्हा, 'यमुनापर्यटन' पुन्हा, दोस्तोयव्हस्की तर कितव्यांदा तरी पुन्हा. पहिलं वाचन बहुधा मागच्या जन्मी उरकलं असावं. पण यात सर एकटे नाहीत. इटालो काल्व्हिनो या इटालियन लेखकाने १९८१ साली अभिजात पुस्तकं कशासाठी वाचावीत यावर एक निबंध लिहिला, त्यात पहिल्याच व्याख्येत या 'पुन्हा'ची दखल घेतलेली आहे. म्हणजे इटलीतही सर असतात.

तिसऱ्या मजल्यावरचे चिरंजीव आयटीत आहेत. त्यांनी मोबाईलवरच्या अॅपमध्ये वर्षाला पंचवीस अभिजात पुस्तकांचं टार्गेट टाकलं आणि मग निवड केली ती जाडी मोजून. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' आत, व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आत, हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याचं पुलंनी केलेलं 'एका कोळियाने' आत. काफ्काचा माणूस पहिल्याच वाक्यात किडा होऊन जागा होतो, वेळ वाया घालवत नाही, म्हणून तोही आत. 'मृत्युंजय' मात्र बाहेर. कर्णाच्या नशिबी इथेही डावललं जाणं आलं. उरलेली पुस्तकं ते दीडपट वेगाने ऐकतात.

"श्यामची आई दीडपट वेगाने ऐकली तर रडू दीडपट येतं का रे?" काकूंनी विचारलं.

"नाही, लवकर आवरतं."

सर संतापले. पण साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात जेमतेम पाच दिवसांत लिहिलं, ही माहितीही रागाच्या भरात त्यांनीच दिली. त्यावर, लिहिणाऱ्याने पाच दिवसांत लिहिलेलं ऐकायला आपण पाच तास घेतो, हे काही वाईट नाही, असा चिरंजिवांनी निष्कर्ष काढला. सरांना अशा वेळी माहितीच नडते.

वाचनाचं टार्गेट वगैरे अमेरिकन थेरं आहेत, असा सूर मग निघाला. तेव्हा ज्ञानेश्वरीचा संकल्प केलेल्या ताई हसल्या. त्यांच्या घरी श्रावणात पोथी लागते. त्या म्हणाल्या, "आमच्या आजेसासूबाई गुरुचरित्राचा सप्ताह करायच्या. सात दिवस, कोणत्या दिवशी कुठल्या अध्यायापर्यंत जायचं ते ठरलेलं. अॅप निदान कांदा-लसूण खाऊ देतं." खरंच की! ठरलेली पानं, ठरलेली मुदत, मध्ये उठायचं नाही आणि शेवटी पुरणपोळी. यापुढे मोबाईलवर उगवणारा हिरवा टिळा म्हणजे काहीच नाही. आणि पारायणाबद्दल आपण "समजलं का?" असं कुणालाच विचारत नाही, "झालं का?" एवढंच विचारतो. नऊ हजारांवर ओव्यांची ज्ञानेश्वरी अर्थासकट वाचायची, हा ताईंचा संकल्प म्हणून सर्वांत अवघड होता. पहिल्या अध्यायातच त्या इतक्या रमल्या की अर्जुनाने अजून धनुष्य खाली ठेवलेलं नव्हतं आणि इकडे दिवाळी आली.

हे सगळं ग्रंथपाल बाई काउंटरमागून ऐकत होत्या. बाईंना संकल्प विचारायचं धाडस कुणी केलं नाही. नानांनी अभिजात पुस्तकांना पंधरा दिवसांच्या नियमातून सूट मिळावी असा अर्ज दिला, तेव्हा चष्म्यावरून बघत त्या म्हणाल्या, "टॉलस्टॉय असो नाहीतर पाककृती, उशीर झाला की रोजचा रुपया." वाचकांच्या आवडीची खरी नोंदवही माझ्याकडे नाही, बाईंकडे आहे. ती प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानाला खळीने चिकटवलेली असते. तारखांचे जांभळे शिक्के मारायची ती चिठ्ठी एकदा निवांत बघावी. 'मृत्युंजय'ला चिठ्ठीवर चिठ्ठी चढून पुठ्ठा झालाय, पुस्तकाची बांधणी बदललेली, रेक्झिनचा कणा, कोपरे गोल झालेले आणि समासात पेन्सिलीने कुणीतरी लिहिलंय, "अगदी खरं!" त्याखाली दुसऱ्या अक्षरात, "काय?" त्याखाली तिसऱ्या अक्षरात, "पुस्तकावर लिहू नये." शेजारच्या फळीवर मात्र अशी पुस्तकं आहेत की ज्यांचा आमच्या सभांमध्ये दर महिन्याला गौरव होतो आणि ज्यांच्या चिठ्ठ्या पांढऱ्याशुभ्र आहेत. ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली आहेत फक्त कसरीने.

अशा एका सभेत सर ह. ना. आपट्यांवर बोलले. 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी पुस्तक म्हणून आली १८९३ साली, पण त्याआधी १८९० पासून ती हरिभाऊंच्याच साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध होत होती आणि त्या साप्ताहिकाचं नाव होतं 'करमणूक'. टॉलस्टॉयही तसाच, त्याच्या युद्धाचे पहिले भाग १८६५ मध्ये 'रशियन मेसेंजर' नावाच्या मासिकातून आले. हे ऐकून नाना ताठ झाले. म्हणजे हप्त्यांची योजना मूळ लेखकाचीच! पण माझ्या डोक्यात राहिलं ते साप्ताहिकाचं नाव. ज्या पुस्तकांपुढे आपण आज घसा साफ करून बसतो, ती लोकांनी एकेकाळी पुढच्या अंकाची वाट बघत, टपालवाल्यावर डोळा ठेवून वाचली. त्या वाचकांपैकी कुणी संकल्प केला नसणार. त्यांना फक्त पुढे काय झालं ते हवं होतं. अभिजातपणा नंतर आला. वयोमानानुसार येतो तसा.

काकूंनीही एवढंच टिपलं. "दर आठवड्याला यायची? म्हणजे प्रकरणाच्या शेवटी अडकवून ठेवत असणार," असं म्हणून त्यांनी त्याच संध्याकाळी अर्नाळकर परत केले आणि हरिभाऊ घरी नेले.

माझ्या नावापुढे मी 'स्मृतिचित्रे' लिहिलं होतं. लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्राला सगळेच थोर म्हणतात, त्यामुळे ते गंभीर असणार अशी माझी खात्री होती. म्हणून पेन्सिल, वही आणि योग्य तो चेहरा घेऊन बसलो. सुरुवातीलाच लक्ष्मीबाईंचे वडील भेटले. त्यांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आलेली चीजवस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. आपण करोनात दुधाच्या पिशव्यांना साबण लावत होतो, त्यात नवं काहीच नव्हतं तर! पुढे टिळकांचं न सांगता निघून जाणं, १८९५ सालचं त्यांचं धर्मांतर, मधली ताटातूट. रडण्यासारखा ऐवज पानोपानी, आणि ही बाई सांगते अशी की रडायच्या ऐन वेळी हसू फुटावं. बायकोने स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून "कुणाचा फोन आहे?" असं विचारलं. तिसऱ्यांदा ती पुस्तकच घेऊन गेली. वहीतला माझा संकल्प तेव्हापासून तिच्या उशाशी आहे.

वर्षअखेरीस आढावा घ्यायचा असं ठरलं होतं. नाना रजिस्टर घेऊन आले, पण चेहरा पडलेला. ताळेबंद जुळत नव्हता. "बोरोदिनोची लढाई लागली आणि माझा ताबा सुटला," ते हलक्या आवाजात म्हणाले. "रात्री दोनपर्यंत वाचत होतो. एका बैठकीत कितीतरी हप्ते आगाऊ भरले गेले. आता रोजच्या रकान्यात काय लिहू?" चाळीस वर्षांच्या शिस्तीवर नेपोलियनने घाला घातला होता. पण मॉस्को जळत असताना रकाने कोण आखत बसणार? आम्ही त्यांना मुदतपूर्व परतफेडीबद्दल नारळ दिला. चिरंजिवांचं टार्गेट पूर्ण झालं होतं. त्यांना पंचवीस नावं धडाधड सांगता आली, पण त्यातल्या 'बनगरवाडी'शी ते थांबले आणि म्हणाले, "ही परत ऐकतोय. साध्या स्पीडने." सरांनी 'परत' हा शब्द ऐकून समाधानाने मान डोलावली.

खरा गोंधळ काकूंनी घातला. त्यांनी 'पण लक्षात कोण घेतो' तीन दिवसांत संपवलं आणि काउंटरवर पुस्तक आपटून म्हणाल्या, "त्या शंकरमामंजीला कुणी काही करत का नाही? झुंजार असता तर दोन प्रकरणांत सरळ केला असता मेल्याला!" हेच त्यांनी मग भाजीवाल्याकडे सांगितलं, लिफ्टमध्ये सांगितलं, भिशीत सांगितलं. यमूच्या वाटेला काय काय आलं ते त्या अशा ठिकाणी आणून थांबवायच्या की ऐकणारीला वाचनालयाची पायरी चढण्यावाचून गत्यंतर नसायचं. हरिभाऊंनी 'करमणुकी'त जे केलं, ते काकूंनी भाजीच्या रांगेत केलं. आवडीने वाचणारं एक माणूस दहा संकल्पवाल्यांना भारी पडतं ते असं. पुस्तकाच्या चिठ्ठीवर शिक्के धडाधड पडू लागले आणि आमच्या वाचनालयात एका अभिजात कादंबरीसाठी प्रतीक्षायादी लागली.

परवा सर काउंटरशी उभे होते. "हरिभाऊ जरा पुन्हा वाचावेत म्हणतो," ते म्हणाले.

बाईंनी यादीवरून बोट फिरवलं. "पाचवा नंबर तुमचा, सर. तोवर 'मोचनगड' नेता का? ते मोकळंच आहे." मग पुस्तक काढून त्यांनी फडक्याने धूळ झटकली, कडेवरून अंगठा फिरवला आणि अतिशय आदराने म्हणाल्या, "फक्त एक करा. घरी सुरी असेल ना? आतली बरीचशी पानं अजून जोडलेलीच आहेत."