आधी काम धरा, ध्येय मागून येतं

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यातल्या पोरांपुढे आज दोन वाटा ठेवल्या जातात. एक शिरवळच्या एमआयडीसीत जाते, दुसरी पुण्यातल्या अभ्यासिकेत. एकीकडे कंत्राटावरची नोकरी, दुसरीकडे स्पर्धा परीक्षा. तिथे जागा शेकड्यात आणि अर्ज लाखांत. या पोरांसाठी मग करिअर मार्गदर्शनाची शिबिरं भरतात. व्यासपीठावरून सांगितलं जातं, आधी आयुष्याचं ध्येय शोधा. डोळे मिटा, दहा वर्षांनंतरचं चित्र बघा, कागदावर उतरवा आणि मग कामाला लागा.

हा सल्ला उलटा आहे आणि पोरांना त्याची झळ बसते. विशीतल्या मुलाला डोळे मिटून काही दिसलं नाही, तर त्याला वाटतं खोट आपल्यातच आहे. तो थांबून राहतो. ध्येय सापडेपर्यंत हाताला काम लावत नाही, आणि हाताला काम नाही म्हणून ध्येयही सापडत नाही.

उत्तर याच तालुक्यात आहे. नायगाव. खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्री जन्मली. १८४० मध्ये नवव्या वर्षी लग्न होऊन पुण्यात आली, तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं. तिला कुणी ध्येय विचारलं नाही. विचारलं असतं, तर तिच्याजवळ उत्तरही नसतं.

मग काय झालं? नवऱ्याने, जोतीराव फुल्यांनी, तिला घरी शिकवलं. पुढचं शिक्षण केशव शिवराम भवाळकर आणि सखाराम यशवंत परांजपे यांनी दिलं. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि सतरा वर्षांची सावित्रीबाई शिकवायला उभी राहिली. अशी जागा कुणी जाहीर केली नव्हती. त्या कामाला मान नव्हता, उलट त्यापायी सासऱ्यांचं घर सोडावं लागलं. पण समोर मुली होत्या, त्यांना कुणी शिकवत नव्हतं आणि हिला शिकवता येत होतं.

आता पुढचं आयुष्य बघा. बत्तिसाव्या वर्षी, १८६३ मध्ये, फसवल्या गेलेल्या विधवांना सुखरूप बाळंत होता यावं म्हणून राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह. सदतिसाव्या वर्षी घरचा हौद अस्पृश्यांना खुला. शेहेचाळिसाव्या वर्षी, १८७७ च्या दुष्काळात, जुन्नर भागात उपाशी माणसांसाठी धावाधाव. १८९० मध्ये जोतीराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत विधीचं मडकं, टिटवं, स्वतः हातात धरून त्या पुढे चालल्या. त्यानंतर जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाची धुरा. आणि १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता, १० मार्चला, त्याच रोगाने मृत्यू.

यातलं सतराव्या वर्षी काय ठरवता आलं असतं? सत्यशोधक समाज तेव्हा नव्हता, तो १८७३ मध्ये निघाला. दुष्काळ आणि प्लेग कुणाच्या आराखड्यात बसत नाहीत. तरी हे आयुष्य विस्कळीत वाटत नाही, एका धाग्यात ओवलेलं वाटतं. तो धागा आधी विणलेला नव्हता. दर वेळी जवळचं अडलेलं माणूस बघायचं आणि त्याचं काम उचलायचं, या सवयीतून तो तयार झाला. आपण आज मागे वळून त्याला जीवनकार्य म्हणतो. त्यांच्या लेखी ते त्या त्या दिवशीचं काम होतं.

सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली दोन पत्रं नायगावहून गेली आहेत. पंचविशीत आजारपणामुळे त्या माहेरी आल्या होत्या. १८५६ च्या पत्रात त्या सांगतात, की भावाने सुनावलं, महारामांगांना शिकवणं हे पाप आहे, सोडून द्या. त्यांनी त्याला आईसमोर सडेतोड उत्तर दिलं. १८६८ च्या पत्रात त्याहून कठीण प्रसंग आहे. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार मुलगी यांच्या प्रेमाचा बभ्रा झाला आणि गावकरी दोघांना ठार मारायला निघाले. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रजी कायद्याचा धाक दाखवला आणि दोघांचे जीव वाचवले. तेव्हा त्या माहेरी होत्या. ते काम त्यांच्या क्षेत्रातलं नव्हतं. पण त्या तिथे होत्या, आणि तेवढं पुरलं.

दुसरी एक गैरसमजूत याच ठिकाणी खोडली पाहिजे. पोट भरणारं काम आणि आयुष्याला अर्थ देणारं काम एकच असलं पाहिजे, असं मुलांच्या मनावर बिंबवलं जातं. जोतीराव फुले बांधकामाची कंत्राटं घेत, दागिने घडवायच्या मुशी विकत. शाळा हा त्यांचा धंदा नव्हता, धंद्याबाहेरचं काम होतं. शिरवळच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या मुलाने स्वतःला कमी लेखू नये. लोणंदच्या बाजारात कांद्याची पट्टी करणाऱ्यानेही नाही. पगार घर चालवतो, हे मोठं काम आहे. गावातल्या दहा पोरांचं गणित पक्कं करून घेणं हे त्याच्याच शेजारी, संध्याकाळी करता येतं.

सातारा जिल्ह्याने हे आणखी एकदा करून दाखवलंय. भाऊराव पाटील ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले. ती विक्रेत्याची नोकरी होती. त्या फिरतीत त्यांना बहुजनांची शाळेबाहेरची मुलं दिसली. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. नोकरीने त्यांना वाटेवर आणलं, मुलांनी काम दिलं, ध्येय त्यातून घडलं.

हे सगळं फक्त पोरांच्या गळ्यात घालून मोठ्यांना सुटता येणार नाही. ज्याचं कंत्राट कधी संपेल ठाऊक नाही, बारा तास उभं राहून जो घरी येतो, त्याला अर्थपूर्ण जगण्याचं प्रवचन देणं हा अन्याय आहे. त्याला आधी कायम नोकरी, पुरता पगार आणि मोकळी संध्याकाळ हवी. बारावीनंतर ज्या मुलीसाठी घरात स्थळं बघायला सुरुवात होते, तिला ध्येय विचारण्याआधी तिच्या आईबापांना जाब विचारायला हवा. नवव्या वर्षी लग्न झालेली या तालुक्याची लेक घरातल्या माणसाने पाटी हातात दिली म्हणून पुढे आली. आज त्याच तालुक्यात एखादीची पाटी काढून घेतली जात असेल, तर ३ जानेवारीला नायगावला जाऊन फुलं वाहण्याचा हक्क आपल्याला नाही.

मग पोरांनी करायचं काय? तीन गोष्टी. एक, एखादं कौशल्य नीट शिका, दुसऱ्याच्या उपयोगी पडेल इतकं नीट. सावित्रीबाई आधी शिकल्या, मग उभ्या राहिल्या. दोन, आपल्या टप्प्यातलं अडलेलं माणूस शोधा. वाडीतली फॉर्म भरता न येणारी म्हातारी असेल, शाळा सुटलेला ऊसतोड कामगाराचा पोरगा असेल. तीन, एकट्याने करू नका. सावित्रीबाईंना जोतीराव होते, सहकारी फातिमा शेख होत्या. जोडीला माणूस असला की, त्यांच्यासारखे, शाळेच्या वाटेवर अंगावर येणारे शेण-दगडही सोसता येतात.

नोकरीचा अर्ज भराच. परीक्षाही द्या. पण निकालाची वाट बघत वर्षं रिकामी जाऊ देऊ नका. आज तुमच्या गावात तुमच्यावाचून कुणाचं अडलंय, त्याचं नाव लिहा आणि उद्या त्याच्या दारात जा.