शय्यागृह निरीक्षकाचे पद तातडीने भरा

प्रति,
मा. सचिव, सामान्य प्रशासन विभाग, मंत्रालय, मुंबई

विषय : ‘शय्यागृह निरीक्षक’ हा नवा संवर्ग निर्माण करणेबाबत

महोदय,

उपरोक्त विषयी सादर करतो की, महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 अन्वये कर्मचाऱ्याने पदाला न शोभणारे काही करायचे नसते. फाईल तीन वर्षे कपाटात कुजली, पाकीट टेबलाखालून सरकले, तर ते साऱ्या कार्यालयाला दिसते आणि कुणाचे काही बिघडत नाही. पण दार लावून घरात कोण कुणासोबत राहतो, हे बघायला शासनाचा माणूस नाही. आजवर हे काम आम्ही शेजारीपाजारी विनामोबदला करत आलो.

अलीगढचे उदाहरण घ्यावे. तिथल्या मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे कवी डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस निवृत्तीला आले होते. फेब्रुवारी 2010 मध्ये कॅमेरा घेतलेली माणसे त्यांच्या घरात घुसली; तिथे त्यांच्यासोबत पुरुष होता. निलंबनाचा आदेश निघाला तो सिरसांच्या नावे. 1 एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. खासगी वागण्याचा नोकरीशी ठोस संबंध असल्याशिवाय ते गैरवर्तन मानता येणार नाही, म्हणे! ही अट फार जाचक आहे. असा संबंध आणायचा कुठून? सुदैवाने विद्यापीठाला तो शोधत बसावे लागले नाही. 7 एप्रिलला सिरस घरात मृतावस्थेत सापडले.

पुढे 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक संबंध गुन्ह्यातून वगळले. तरी आम्ही खचलो नाही. 2019 मध्ये उत्तर प्रदेशात एका होमगार्डला याच कारणावरून घरी बसवले गेले. 2021 मध्ये उच्च न्यायालयाने त्यालाही परत घ्यायला लावले, ती गोष्ट वेगळी. तोवर माणसाने कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, हेही नसे थोडके.

तमिळनाडूचा कित्ता मात्र गिरवू नये. तिथे 2022 मध्ये पोलिसांच्या वर्तणूक नियमांतच कलम घातले : अशा लोकांना छळणे हेच गैरवर्तन. म्हणजे चौकशी छळणाऱ्याची! आपल्याकडे असे एक वाक्य घालायला ना निधी लागतो, ना आकृतिबंध. म्हणूनच भीती वाटते.

संरक्षण अगदीच नाही असेही नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 नुसार उपचार देताना लैंगिक कलावरून भेदभाव करता येत नाही. तेव्हा कर्मचाऱ्याने आधी कार्यालयातल्या कुजबुजीने आजारी पडावे, मग रुग्णालयात समान वागणूक घ्यावी. सोय आहे.

निरीक्षकपदासाठी अर्हता : दहावी उत्तीर्ण, दृष्टी उत्तम, स्वतःचे शयनगृह तपासणीतून वगळलेले.

आपला विश्वासू,
एक दक्ष शेजारी

ता. क. : दोन शिक्षक, दोघेही पुरुष, एक सिंधुदुर्गात तर एक गडचिरोलीत. पती-पत्नी एकत्रीकरणात त्यांची बदली बसत नाही, हे उत्तमच. मात्र सुटीत ते एकमेकांकडे जातात. निरीक्षकाचा प्रवासभत्ता त्याच हिशेबाने मंजूर व्हावा.