सर सध्या नव्या कंपनीत आहेत

सिडको, इंदिरानगर, सातपूर, नाशिकरोड, नाशिकच्या कुठल्याही वसाहतीत एक तरी माणूस असा सापडतो, ज्याला सगळे ‘सर’ म्हणतात आणि ज्याने आयुष्यात कुठल्याही वर्गावर एक तास घेतलेला नसतो. मे महिन्याच्या उन्हातही सरांच्या गळ्यात टाय असतो. रात्री नऊ वाजता भेटले तरी ते ‘गुड मॉर्निंग’ म्हणतात, कारण सेमिनारमध्ये तसं शिकवतात. पैसे गुंतवा, असं ते कधीच म्हणत नाहीत. ‘फक्त अर्धा तास द्या अण्णा, प्लॅन बघा, नाही पटला तर चहा पिऊन मोकळे,’ एवढीच त्यांची मागणी असते. दर दोन-तीन वर्षांनी त्यांची कंपनी बदलते, व्हिजिटिंग कार्ड बदलतं, कार्डावरचा हुद्दा सिल्व्हरवरून डायमंडवर चढतो आणि नव्या कंपनीत पुन्हा सिल्व्हरवर उतरतो. मोबाइल नंबर मात्र तोच राहतो. या न बदलणाऱ्या नंबराकडे आपलं पुरेसं लक्ष गेलेलं नाही. लोकांना गंडा घालणारा माणूस सिमकार्ड फेकून गाव सोडतो, अशी आपली समजूत. सर कुठेही जात नाहीत. कंपनी बुडाल्यावरही ते त्याच घरात राहतात, गल्लीतल्या गणपतीच्या आरतीला त्याच खड्या आवाजात उभे असतात, आणि वर्ष सरायच्या आत त्याच मंडळींसमोर नवा प्लॅन मांडतात. हे त्यांना जमतं कसं? लोक लोभी असतात म्हणून, हे नेहमीचं उत्तर मला अपुरं वाटतं. लोभ सरांना गिऱ्हाईक मिळवून देतो, पण बुडाल्यानंतर त्यांना त्याच गल्लीत सुखाने राहू देतो तो संकोच. बुडालेल्या प्रत्येकाने आणखी कुणाला तरी सोबत ओढलेलं असतं, आणि सरांविरुद्ध बोलायचं तर आधी स्वतःचं नाव सांगावं लागतं.

सरांची कारकीर्द पाहिली तर महाराष्ट्राचा तीसेक वर्षांचा आर्थिक इतिहास डोळ्यांसमोरून जातो. नव्वदच्या दशकात त्यांनी सागाची झाडं विकली. वीस वर्षांनी झाड लाखाचं होणार होतं. पुढे पाठदुखीवर चुंबकाच्या गाद्या आल्या, मग सोन्याची नाणी आली. 2011 मध्ये स्पीक एशिया आली तेव्हा सर घरबसल्या सर्वेक्षणं भरून घेत होते. वर्गणी भरायची, संगणकावर प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि डॉलर मोजत बसायचं. त्याच सुमारास ईमू आला. या पक्ष्याचं अंडं हिरवं असतं, तेल औषधी असतं आणि मांसाला परदेशात मागणी असते, असं सर सांगत. यातली अंड्याची गोष्ट खरी होती. 2012 मध्ये तामिळनाडूतल्या सुसी ईमू फार्म्सचा डोलारा कोसळला आणि ठिकठिकाणच्या शेतकऱ्यांच्या दारात खाणारे पक्षी उरले, घेणारा कुणी उरला नाही. त्यानंतर केबीसी मल्टिट्रेड नावाची कंपनी, मग महिन्याला दहा टक्के देणारं बिटकॉइनचं मायनिंग, 2019 मध्ये इस्लामपूरच्या महारयत अ‍ॅग्रोची कडकनाथ कोंबडी. वस्तूबद्दल सरांना काही ममत्व नसतं. झाड, गादी, पक्षी, नाणं, कोंबडी यांपैकी काहीही चालतं. फक्त त्या वस्तूचा बाजारभाव ऐकणाऱ्याला ठाऊक नसावा, एवढीच अट. कांदा किंवा द्राक्ष घेऊन सर कधी आले नाहीत, कारण लासलगावचा आणि पिंपळगावचा भाव नाशिक जिल्ह्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतो.

योजना काढणारा मालक आणि तिचा प्रसार करणारे सर, या दोघांत मोठा फरक आहे आणि तो सरांच्या पथ्यावर पडतो. मालकाला पळावंच लागतं. ज्याच्या नावाने असल्या योजना जगभर ओळखल्या जातात त्या चार्ल्स पॉन्झीने 1920 मध्ये बोस्टनमध्ये पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के नफ्याचं आश्वासन दिलं, काही महिन्यांत गजाआड गेला, पुढे फ्लॉरिडात दलदलीतली जमीन विकायला बसला, 1934 मध्ये इटलीला हाकलला गेला आणि 1949 मध्ये रिओच्या धर्मादाय रुग्णालयात कफल्लक मेला. नागपूरच्या उल्हास खैरेवर दिल्लीत ‘स्टॉक गुरू’च्या नावाखाली महिन्याला वीस टक्क्यांचं आमिष दाखवून माणसं जमवल्याचा ठपका आला, तेव्हा त्याला आणि त्याच्या बायकोला नावं बदलून फिरावं लागलं, 2012 मध्ये दोघं रत्नागिरीत पकडले गेले. आपल्या नाशिकच्या केबीसी मल्टिट्रेडचंही तेच. टीव्हीवर कोट्यधीश करणाऱ्या कार्यक्रमाची तीन अक्षरं नावात घेतलेली ही कंपनी 2014 मध्ये कोलमडली, हजारो लोक रस्त्यावर आले, आणि तिचा प्रवर्तक भाऊसाहेब चव्हाण बायकोसह सिंगापूरला निघून गेला होता. मे 2016 मध्ये परतल्यावर मुंबईच्या विमानतळावर दोघांना अटक झाली. या सगळ्या हकिकतींत वर्तमानपत्रांनी मालकाचा फोटो छापला. पण सिन्नरच्या माणसाने सिंगापुरात बसलेल्याला पैसे दिलेले नसतात. त्याने ते मेहुण्याला दिलेले असतात, आणि मेहुण्याने सरांना.

यातलं गणित सर फळ्यावर स्वतःच मांडून दाखवतात, हे विशेष. ‘तुम्ही फक्त सहा जण आणा, ते सहा-सहा आणतील.’ हा हिशेब ते तिसऱ्या-चौथ्या पायरीवर थांबवतात आणि खडू खाली ठेवून हसतात. आपण तो पुढे नेऊ. आठव्या पायरीवर 16,79,616 माणसं लागतात. 2011 च्या जनगणनेनुसार नाशिक शहराची लोकसंख्या पंधरा लाखांहूनही थोडी कमी, म्हणजे पाळण्यातलं बाळ धरूनही माणसं पुरत नाहीत. नववी पायरी एक कोटीच्या वर जाते आणि सारा जिल्हा 61 लाखांचा. अकरावीला 36 कोटी, म्हणजे महाराष्ट्र तीनदा संपतो. तेराव्या पायरीला पृथ्वी अपुरी पडते. अशा योजनेत जे उरतात ते नेहमीच शेवटच्या दोन-तीन पायऱ्यांवरचे असतात आणि संख्येने तेच सगळ्यांत जास्त असतात. त्यांचं बुडणं हा अपघात नव्हे, योजनेचाच भाग आहे. पण नैतिकदृष्ट्या मजेशीर जागा आहे ती मधल्या पायऱ्यांची. तिथल्या माणसाने आपले पैसे घातले, थोडे परत मिळवले, आणि मिळालेल्या पहिल्या चेकचा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकून साडूला, वहिनीला आणि शेजारच्या रिटायर्ड मास्तरांना आत आणलं. आता तो फिर्यादी की आरोपी? 1978 च्या प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स बंदी कायद्याचं तिसरं कलम या बाबतीत दयामाया दाखवत नाही. अशी योजना चालवणं तर गुन्हा आहेच, तिचं सभासद होणं आणि तिच्यापोटी पैसे देणं-घेणं यालाही तिथे मनाई आहे. सरांनी कायद्याचं हे एकच कलम मनापासून वाचलेलं असतं. कुणी फार तावातावाने आलं, की ते आवाज खाली आणून म्हणतात, ‘जायचं तर जाऊ पोलिसांकडे. पण ताई, तुमच्याखाली अकरा जण आहेत, तेही येतील.’ ताई घरी जातात.

‘लोभाला शिक्षा झाली, रडायचं काय,’ हा आपला आवडता शेरा इथे येतोच. तो देणाऱ्याला बुडालेल्याची परिस्थिती सहसा माहीत नसते. नाशिकमध्ये एकरकमी पैसा येण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत: द्राक्षांचा हंगाम संपताना, अंबड-सातपूरच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेताना, आणि अलीकडे समृद्धी महामार्गासाठी इगतपुरी-सिन्नरकडे जमिनी गेल्या तेव्हा. असा पैसा हातात आलेल्या माणसाला तो कुठे ठेवायचा हे सांगणारं कुणीच भेटत नाही, भेटतात ते सर. शिवाय सुरक्षित म्हणून सांगितलेल्या जागा तरी कुठे सुरक्षित राहिल्या? जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्थेत लोकांनी शहाणपणाने ठेवी ठेवल्या आणि त्या अडकल्या. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला स्वतःच्याच पैशातले फक्त हजार रुपये काढायची मुभा होती. त्यांना लोभी कोण म्हणेल? लोभ असतोच, मी तो नाकारत नाही. महिन्याला दहा टक्के म्हटल्यावर ज्याच्या मनात हिशेब सुरू होत नाही तो संत. पण निव्वळ लोभ असता तर माणूस अनोळखी दुकानातही पैसे टाकून आला असता. तो टाकतो ते मामाच्या मुलाने सांगितलं म्हणून. मुंबईत टोरेसवाल्यांनी दादरला झगमगीत दुकान थाटून मॉयसनाइटचे खडे विकले, दर आठवड्याला पैसे वाटले आणि जानेवारी 2025 मध्ये शटर ओढलं. दुकान कितीही झगमगीत असलं तरी रांगेत उभ्या असलेल्या पुष्कळांना तिथे कुणीतरी ओळखीचंच घेऊन आलेलं होतं.

दुसरा आक्षेप खुद्द सरांचाच, आणि तो ते डोळ्यांत पाणी आणून मांडतात: ‘माझेही बुडाले हो.’ पहिल्या वेळी हे खरं असतं. सागाच्या झाडात त्यांच्या वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड गेलेला असू शकतो, आणि त्या वेळी ते आपल्याइतकेच भाबडे होते असं मानायला माझी हरकत नाही. पण चौथ्या कंपनीपर्यंत त्यांना एक गोष्ट पक्की कळलेली असते, की असल्या योजनेत बुडणं-तरणं वस्तूवर ठरत नाही, तुम्ही कधी शिरलात यावर ठरतं. म्हणून ते पहिल्या महिन्यात शिरतात आणि स्वतःचे पैसे वर्षभरात काढून घेतात. शेवटी बुडतं ते त्यांचं फक्त येणं कमिशन, आणि अश्रू ढाळतात ते त्याच्यासाठी. तरीही ‘मीही बुडालो’ हे वाक्य त्यांच्या फार उपयोगाचं आहे. त्या एका वाक्याने ते आरोपीच्या पिंजऱ्यातून उठून बुडालेल्यांच्या बाकावर येऊन बसतात, तिथे सर्वांचं सांत्वन करतात, कंपनीविरुद्ध कृती समिती काढतात आणि तिचे अध्यक्ष होतात. समितीच्या तिसऱ्या बैठकीत नव्या कंपनीचा विषय निघतो. मागचं नुकसान भरून काढायला, म्हणून.

कागदपत्रांचा मुद्दा थोडक्यात आटपता येतो. ‘कंपनी रजिस्टर्ड आहे’ म्हणत सर लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र पुढे करतात. कंपनी निबंधकाकडची नोंद हा जन्मदाखला असतो, चारित्र्याचा दाखला नसतो. थेट विक्री कायदेशीर आहे, हेही ते सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण डिसेंबर 2021 च्या नियमांनी थेट विक्रीला मोकळीक देताना पिरॅमिड आणि मनी सर्क्युलेशन स्पष्टपणे बाहेर ठेवलं, हे पान लॅमिनेट केलेलं नसतं. सरांना एकच विचारायचं, हा नफा येतो कुठून? वस्तू वापरणाऱ्या गिऱ्हाइकाकडून, की मागून येणाऱ्या सभासदाच्या वर्गणीतून? नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापतात, आणि त्या सरकारी कारखान्यालाही लोकांचे पैसे तीन वर्षांत तिप्पट करून द्यायची योजना अजून काढता आलेली नाही. हे ऐकवलं की सर म्हणतात, ‘तुम्ही फार निगेटिव्ह विचार करता,’ आणि शेजारच्या खुर्चीकडे वळतात.

संकोच मोडला तर काय होतं, याचं उदाहरण नाशिकनेच घालून दिलेलं आहे. 2016 मध्ये मैत्रेय कंपनीविरुद्ध लोक सरकारवाडा पोलीस ठाण्यात गेले, कंपनीच्या प्रमुख वर्षा सत्पाळकर यांना अटक झाली, आणि पोलिसांनी न्यायालयाच्या परवानगीने एस्क्रो खातं उघडून काही ठेवीदारांचे पैसे परत दिले. सगळ्यांचे नव्हे, पण असल्या प्रकरणांत एरवी जे मिळतं त्या मानाने ते पुष्कळ होतं. महाराष्ट्राचा ठेवीदार संरक्षण कायदा 1999 पासून आहे आणि त्यात मालमत्ता जप्त करून ठेवी परत देण्याची सोय आहे. पण ती चाके फिरतात ती तक्रारीने. म्हणून ज्यांनी दुसऱ्यांना आत आणलं त्यांनीच आधी आर्थिक गुन्हे शाखेत जावं, असं मला वाटतं. सभेच्या तारखा, पावत्या, कुणी कुणाला किती दिले याची वही, सगळं त्यांच्याचपाशी असतं, आणि स्वतःहून वही घेऊन आलेल्या माणसाकडे पोलीस वेगळ्या नजरेने पाहतात. 2019 च्या अनियंत्रित ठेवी योजना बंदी कायद्याने ठेवी ठेवायला लावणाऱ्यालाही शिक्षेच्या कक्षेत आणलं आहे, आणि पुन्हा पुन्हा तोच गुन्हा करणाऱ्याला पाच ते दहा वर्षांची कैद सांगितली आहे. हे शेवटचं कलम सरांना मापाने बेतल्यासारखं बसतं, पण ते लागू व्हायला त्याआधी एकदा दोषी ठरावं लागतं, आणि सरांविरुद्ध आजवर साधा तक्रारअर्जही आलेला नाही.