शिक्षणापुरतं विमान

अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधायला सरकारची ना नाही. अट एवढीच, की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी केलेलं हवं आणि तेही निव्वळ ‘शिक्षण किंवा मनोरंजन’ यासाठी. नियमातच तसं लिहिलंय. त्यामुळे किटचं खोकं उघडलं की शाळा भरते. भोक पाडा, कडा घासा, तात्पुरते चाप लावा, चाप काढा, रिवेट ठोका. अशी हजारो रिवेटं. सुरुवात बहुधा शेपटीपासून, कारण ती स्वस्त. पंख, धड आणि इंजिन यांचे भाव कळेपर्यंत विद्यार्थी मागे फिरण्यापलीकडे गेलेला असतो. ‘९० टक्के झालंय, आता ९० टक्केच उरलंय’ ही या मंडळींची जुनी चेष्टा. खरं तर ते वेळापत्रकच. मोटार मात्र अंगणात, पावसात भिजत. घरच्यांना मनोरंजनाचं कलम लागू नाही.

यथावकाश विमान पुरं होतं. तपासनीस येतो, कागद पाहतो. मग दाराजवळ किमान दोन इंची अक्षरांत ‘एक्सपेरिमेंटल’ रंगवायचं. आत प्रवाशासाठी आणखी एक पाटी: हे विमान हौशी माणसानं बांधलेलं असून नेहमीच्या विमानांचे सुरक्षा-नियम पाळत नाही. इतका प्रामाणिकपणा लग्नपत्रिकेतही नसतो. सुरुवातीचे सहसा २५ किंवा ४० तास नेमून दिलेल्या टापूतच, प्रवाशांविना उडायचं. त्यानंतर कुणालाही बसवायची मुभा. नेमकी तेव्हाच मेहुण्यांना कामं आठवतात, आणि बांधणारा पुढच्या किटची किंमत विचारायला फोन उचलतो.