कादंबरी? कोणत्या वर्गाला आहे?

२०१६ साली लातूरला दोन गोष्टी बाहेरून आल्या. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आलं आणि सप्टेंबरमध्ये जिओचा डेटा. पाण्यासाठी लोक घागरी घेऊन रांगेत उभे राहिले, डेटासाठी आधार कार्ड घेऊन. पाऊस पडला तशी पाण्याची गाडी थांबली. डेटा पुढच्या मार्चपर्यंत फुकट वाहत राहिला आणि तेवढ्यात जिल्ह्याची सवय बिघडली ती बिघडलीच.

त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईत काळा घोड्याचं ‘ऱ्हिदम हाऊस’ बंद झालं. १९४८ सालचं दुकान. इंग्रजी पेपरांनी पानपानभर गळे काढले. आमच्याकडच्या कॅसेटवाल्यांसाठी कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत, कारण आमचे कॅसेटवाले बंद पडलेच नाहीत. पाटी तीच ठेवून ते मोबाइलची कव्हरं विकायला बसले.

पूर्वीचा कॅसेटवाला संत नव्हता, हेही सांगून टाकू. वहीच्या पानावर गाण्यांची यादी नेऊन द्यायची, तो साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटीत भरून द्यायचा. १९८४ साली कॉपीराइटचा कायदा कडक झाला, असल्या भरण्याला किमान सहा महिन्यांची कैद लागू शकत होती. त्या हिशेबाने निम्मा मराठवाडा आत जायला हवा होता. पण या गुन्हेगाराला गाण्यातलं कळत होतं. चौदा एप्रिलच्या आधी कुठली नवी भीमगीतं येणार, आषाढीला प्रल्हाद शिंद्यांच्या किती कॅसेटी लागतील, लग्नसराईत बँडवाले कशाच्या मागे लागतील, हे त्याला तोंडपाठ असायचं. बी साइडला जागा उरली तर तो स्वतःच्या पसंतीचं एक गाणं ठोकून द्यायचा. आपण मागितलेली अकरा गाणी आपण विसरलो, ते बारावं लक्षात राहिलं. दुकानाचा उपयोग होता तो एवढाच, आणि तो कमी नव्हता.

मग सीडी आली. मग ‘मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील’ आलं. इथे खरी माशी शिंकली. यादी कुणी मागेना. ‘हिंदी टाकू का मराठी?’ एवढं विचारून दुकानदार अख्खं फोल्डर ओतून मोकळा. ज्या दिवशी त्याने निवडणं सोडलं, त्या दिवशी तो आणि त्याचा कॉम्प्युटर यांत फरक उरला नाही. जिओने नंतर फक्त तेरावं घातलं.

पुस्तकांचं काय, असं विचाराल, तर लातुरात पुस्तकांची दुकानं ओसंडून वाहतात. आत जाऊन कादंबरी मागा.

‘कोणत्या वर्गाला आहे, सर?’

हा विनोद नाही, लातूर पॅटर्न आहे. नीटचं फिजिक्स आहे, जेईईचं मॅथ्स आहे, मागच्या वर्षांचे पेपर सोडवून आहेत, ट्युशनच्या नोट्स स्पायरल करून आहेत. हसण्यासाठी किंवा रडण्यासाठी छापलेलं पुस्तक मात्र मागवावं लागतं. हसायला या गावात बंदी नाही, पण ते निकालानंतर. काही जुने दुकानदार अजून हट्टाने साहित्याचं एक कपाट राखून आहेत. त्यांना हात जोडून पुढे जातो. बाकीचे म्हणतात, ‘आता कोण घ्यायलंय ते?’ कोण घेणार, दिसलं तर ना!

गंजगोलाईच बघा. १९१७ साली बांधलेली, मधे जगदंबेचं देऊळ आणि भोवती सोळा रस्ते. सोनं घ्या, कापड घ्या, चपला घ्या, गूळ घ्या, मिरची घ्या. सगळी गोलाई पालथी घातली तरी संध्याकाळ मजेत घालवायला लागेल असं काही पिशवीत पडत नाही. पोटाला, अंगाला, पायाला सगळं आहे. डोक्याला हवं असेल तर खोबरेल तेल आहे.

नांदेडला जरा बरं असेल म्हणावं, शेवटी ते कुरुंदकरांचं गाव. पण पीपल्स कॉलेजच्या या एकेकाळच्या प्राचार्यांचं एखादं पुस्तक वजिराबादेत विचारून पाहा. ‘दोन दिवसांत पुण्याहून मागवून देतो’ असं उत्तर आलं तर दुकान चांगलं समजा. गुरुद्वाऱ्याच्या वाटेवरची दुकानं मात्र गजबजलेली. पंजाबातून आलेला माणूस तिथे कडं घेतो, कारण ते मनगटात घालून बघावं लागतं. कीर्तन तो फोनवर ऐकतो, ते मनगटात घालून बघावं लागत नाही. एवढी साधी गोष्ट आहे. जे हाताळून घ्यायचं त्याला दुकान लागतं, आणि जे हाताळता येत नाही त्याला दुकानदाराचं डोकं लागतं. आमच्या दुकानदारांनी डोकं बंद करून काउंटर तेवढा चालू ठेवला.

आता व्यापारी मंडळी म्हणतात, ऑनलाइनवाल्यांनी आमचं वाटोळं केलं, लोकल घ्या. घेतो की. पण काय? गाणं नाही, सिनेमा नाही, पुस्तक नाही. बुद्धिबळ मागितलं तर प्लास्टिकचं, त्यातही एक उंट कमी. उपदेशासाठी दुकानात जायचं तर त्याला गावात कीर्तनकार कमी आहेत का?

गिऱ्हाईकही काही कमी नाही म्हणा. पुण्यात नोकरीला लागलेला मुलगा लातूरच्या बापाला वाढदिवसाला ‘कारवाँ’ पाठवतो. पाच हजार जुनी गाणी आधीच भरलेला रेडिओसारखा डबा. मागवला पुण्यात बसून, पोचला थेट घरी, गोलाईला कळलंसुद्धा नाही. गीतमाला कुठलं बटन दाबल्यावर लागते, हे काही बापाला सापडेना. डबा काखोटीला मारून तो तीस वर्षांच्या ओळखीच्या दुकानात गेला. मालकाने वर न बघता सांगितलं, ‘ज्याच्याकडून घेतलं त्यालाच विचारा, काका.’

काका चिडले. मला तर वाटतं, त्या दुकानातून इतक्या वर्षांत मिळालेली पहिलीच नेमकी शिफारस ती.