दोन ओळींचे नाना

नानांना तुम्ही ओळखता. तुमच्या गावात ते अण्णा असतील, तात्या असतील, एखाद्या ठिकाणी ताईही असतील. पण खांद्याला कापडी पिशवी तीच, पिशवीत स्वतःच्या कथासंग्रहाच्या चार प्रती त्याच, आणि पाचवी हातात तयार. अप्पा बळवंत चौकात आपण गाडी लावायला जागा शोधत असतो, म्हणजे पळून जाणं शक्य नसतं, आणि नेमकी तेव्हाच मागून हाक येते, ‘‘बरं झालं भेटलात! फक्त दोन ओळी हव्या होत्या.’’

या दोन ओळी कशासाठी लागत नाहीत? मलपृष्ठासाठी लागतात. फेसबुकवर टाकायला लागतात. ऑनलाइन दुकानात पुस्तकाखाली लागतात, तिथे वर पाच ताऱ्यांचीही सोय करायची असते. पुरस्काराच्या अर्जाला जोडायला लागतात. एकदा एका ज्येष्ठ समीक्षकांना निरोप द्यायला आम्ही सारे वैकुंठ स्मशानभूमीत जमलो होतो. नाना डोळे पुसत शेजारी आले आणि हळूच म्हणाले, ‘‘दोन ओळी देतो म्हणाले होते हो.’’ दुःख खरं होतं, फक्त कशाचं ते मी विचारलं नाही.

टाळाटाळ करून उपयोग नसतो. एकदा मी वेळ नाही म्हणालो, तर नाना दुसऱ्या दिवशी ओळी स्वतःच लिहून घेऊन आले. ‘‘तुम्ही नुसती खाली सही करा.’’ त्या ओळींत मी नानांना ‘मराठी कथेला नवं वळण देणारे कथाकार’ म्हटलं होतं. मी ‘नवं’ खोडलं. नाना दुखावले. ‘‘नुसतं वळण कसं राहील? अपघातप्रवण वाटतं.’’ शेवटी वळण नव्यासकट छापलं गेलं.

नानांचं म्हणणं असं, की पूर्वी लेखकाला लिहिण्यापलीकडे काम नव्हतं. ‘सत्यकथा’ मासिकात संपादक राम पटवर्धन बसलेले असायचे; कथा पुनर्लेखनासाठी परत यायची, लेखक चरफडायचा, पुन्हा लिहायचा. १९८२ साली ‘सत्यकथा’ बंद पडली आणि पटवर्धनांचं काम आपल्या गळ्यात आलं, असं नाना सांगतात. आता लेखकानंच लिहायचं, लेखकानंच तपासायचं आणि लेखकानंच दारोदार सांगायचं. त्यांनी याचं रीतसर वेळापत्रक करून भिंतीला लावलंय : सकाळी लेखन, दुपारी संपादन, संध्याकाळी प्रसार. प्रत्यक्षात संध्याकाळ पहाटे साडेपाचलाच सुरू होते. मुखपृष्ठाचा फोटो, त्यावर उगवता सूर्य, खाली सुप्रभात. मग कुणी पाहिलं, कुणी पाहून गप्प बसलं याची तपासणी. लेखनाच्या वाट्याला जेवणानंतरची अर्धी डुलकी येते. त्यामुळे त्यांच्या नव्या कादंबरीचा नायक पहिल्या प्रकरणात मिरज जंक्शनला उतरला, तो अजून प्लॅटफॉर्मवरच आहे. मधल्या काळात इंजिनं बदलली, वीज आली, कुल्हड गेले आणि परत आले. नायक आपला बॅग घेऊन उभा.

लेखकाला लेखकांचाच आधार, हे नानांचं आवडतं वाक्य. तो आधार कसा चालतो ते पाहायचं तर एखाद्या प्रकाशन समारंभाला जावं. व्यासपीठावर लेखक, खाली लेखक, वडा आणि कॉफीच्या रांगेत लेखक. लग्नातल्या आहेराच्या वहीसारखी एक वही प्रत्येकाच्या डोक्यात चालू असते : याने माझ्या पुस्तकाला हजेरी लावली होती, म्हणून मी आलो, त्याने प्रत विकत घेतली नव्हती, म्हणून मीही फुकट घेणार. संपूर्ण सभागृहात निखळ वाचक असा एकच असतो, तो माइकवाला. आणि तोही जाताना नानांच्या हातात वही ठेवतो, ‘‘कविता आहेत थोड्या.’’ पूर्वी आवृत्ती हजार प्रतींची निघायची, आता तीनशेची निघते, आणि तीनशेतल्या शंभर नानांच्या कॉटखाली असतात. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींनी पुण्यात ग्रंथकारांना एकत्र बोलावलं, त्या दिवशीही दाराशी कुणीतरी पिशवी घेऊन उभा असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता पुढचं सांगायची फारशी इच्छा नव्हती, पण सांगायला हवं.

माइकवाल्याची ती वही नाना घरी नेतात आणि वाचतात. खरोखर वाचतात. मागे एसटीच्या एका तरुण कंडक्टरनं त्यांना कथा दाखवल्या. तो सोलापूरकडची गाडी घेऊन स्वारगेटला मुक्कामी यायचा. अख्खा पावसाळा नाना रात्री स्टँडवर जाऊन बसत. कँटीनचं टेबल, चहाच्या गोल डागांचे कागद, हातात लाल पेन. ‘‘चार कथांत चार पाऊस आहेत तुझे. एक ठेव, बाकी वाळव.’’ ‘‘ही बाई रडते कशाला? तिला भाकऱ्या थापू दे, आम्हाला कळेल.’’ मी एकदा उत्सुकतेपोटी गेलो होतो. स्वतःच्या पुस्तकातला स्वल्पविरामही न सोडणारा हा माणूस दुसऱ्याच्या कथेतली पानंच्या पानं अशी काही उडवत होता, की मला पटवर्धनांची आठवण यावी. आणि उडवलेलं प्रत्येक पान उडवण्याच्याच लायकीचं होतं. ज्या प्रकाशन संस्थेनं पुढे या कथांचं पुस्तक काढलं, तिथे संपादक नावाचं पद उरलेलंच नाही. फाइल आली की थेट छपाईला.

प्रकाशनाला प्रस्तावना लिहिणारे मोठे लेखक व्यासपीठावर होते. नाना मागे विक्रीच्या टेबलावर सुटे पैसे मोजत होते. ऋणनिर्देशात घरमालकापासून डेपो मॅनेजरपर्यंत सगळे होते, नाना नव्हते. मी ते पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक शोधून काढली, आणि म्हणाले, ‘‘राहिलं असेल. ते जाऊ द्या. तुम्ही याच्यावर दोन ओळी लिहा.’’

त्या मी न मागता दोन रकाने केल्या. रविवारी पुरवणीत आल्या. कंडक्टर ड्यूटीवर असावा, मोठ्या लेखकांना वेळ नसावा; दिवसभरात फोन आला तो एकट्या नानांचा.

‘‘वाचलं. तिसरा परिच्छेद काढायला हवा होता.’’

तो परिच्छेद नानांवर होता. मी विषय बदलायला म्हणालो, ‘‘मिरजेचं काय झालं?’’

‘‘गाडी लेट आहे हो,’’ नाना म्हणाले, ‘‘आणि आता ठेवतो, त्या माइकवाल्याला बोलावलंय. नऊ कविता काढायच्यात त्याच्या.’’