साखळी किती हाताची?

"कुत्रा रातभर भुकते जी. काही उपाय सांगा ना."

भंडाऱ्यात मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. मी उलट एकच विचारतो, दिवसभर कुठं असतो तो? उत्तर ठरलेलं असतं.

"बांधून."

मग भुंकणार नाही तर काय करणार? पळण्याचं, हुंगण्याचं, खेळण्याचं दिवसभराचं सगळं बळ अंगात साठलेलं, आणि बाहेर पडायला वाट फक्त गळ्याची. त्या गळ्यालाही पट्टा.

गेल्या उन्हाळ्यात साकोलीकडच्या एका घरी गेलो होतो. सपरीच्या खांबाला साखळी, साखळीला कुत्रा. खांबाभोवतीची जमीन चालून चालून शेणानं सारवल्यासारखी गुळगुळीत झालेली. दोन हातांचं रिंगण, त्यात गवताची काडी नाही. मानेवरचे केस झडून कातडी काळी पडलेली. पाण्याचा गंज सरकत सरकत रिंगणाच्या वीतभर बाहेर गेलेला. घरची माणसं मायाळू होती, माझ्यासमोर त्याला दोन बिस्किटं घातली. गंज मात्र कुणी आत ओढला नाही.

हे नुसतं वाईट नाही, बेकायदा आहे. प्राण्यांचा छळ रोखणारा १९६० चा कायदा सांगतो की अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं, अवाजवी वेळ जनावर बांधून ठेवणं हा गुन्हा. नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणारा मालकही त्याच कलमात येतो. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. तर्रीपोह्याची प्लेट कदाचित महाग पडेल.

साखळी नुसता गळा कापत नाही, स्वभाव बिघडवते. मोकळा कुत्रा घाबरला तर लांब जातो. बांधलेल्याला लांब जायला जागाच नसते, मग त्याच्याकडे दातच उरतात.

आणि तो सांगत नाही असं थोडंच आहे? आधी जीभ नाकावरून फिरवतो. तोंड वळवतो. कान मागे पाडतो. डोळ्याच्या कोपऱ्यातला पांढरा भाग दिसू लागतो. शेवटी गुरगुरतो. त्यावर आपण काठी उगारतो. गुरगुरणं मारून बंद पाडलेला कुत्रा पुढच्या वेळी थेट चावतो, आणि गावभर होतं, "अचानक चावला."

शेपूट हलतेय म्हणजे खूश, हा आणखी एक गैरसमज. ताठ, उंच धरलेली शेपूट झटक्यानं हलत असेल तर पोरांना मागे घ्या.

शिकवणंही तसंच उलटं. हाक मारली, उशिरा आला, म्हणून चापट दिली. तो काय शिकला? आलं की मार बसतो. आल्या क्षणी हातावर उकडलेल्या अंड्याचा तुकडा ठेवून बघा, आठवड्यात फरक दिसेल. दोन मिनिटांनी दिलेलं बक्षीस मात्र वाया जातं. तोवर तो वेगळंच काही करत असतो.

आता ऊन.

नवतपात इथं पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि लोक सायबेरियातला हस्की आणतात. बर्फात स्लेज ओढण्यासाठी घडलेला कुत्रा टिनाच्या शेडखाली बांधतात. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास पंजांच्या गादीपुरताच. अंगातली उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. भोवतीची हवाच तापलेली असली की धापाही हरतात. बरं, उकडतं म्हणून केस भादरू नका. दुहेरी केसांचा तो थर उन्हालाही अडवतो.

फिरवायचं ते उजाडता उजाडता. नागपूर-रायपूर महामार्गाच्या डांबरावर दुपारी हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याला का चालवता? धापा थांबत नाहीत, लाळ घट्ट झाली, पाय लटपटले, तर सावलीत न्या, पोटावर आणि मांड्यांवर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि पशुवैद्याकडे पळा. तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

जिल्हा धानाचा, त्यामुळे कुत्र्याच्या ताटात भात. नुसत्या भातावर तो फुगतो, पोसला जात नाही. सोबत अंडं, उकडून काटे काढलेली मासळी, डाळ द्या. कांदा-लसणाचा रस्सा नको, त्यानं रक्तातल्या लाल पेशी फुटतात. शिजलेली हाडं तर मुळीच नकोत. त्यांच्या चिरफळ्या आतडं फाडतात.

पावसाळा लागला की पायाच्या बोटांमध्ये आणि कानांत गोचीड बघा. रोज. ताप त्याच आणतात.

चावला तर? तिखट, चुना, हळद, तेल यांतलं काही जखमेवर लागता कामा नये. वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मग थेट सरकारी दवाखाना, लस तिथं मोफत मिळते. पोटातली चौदा इंजेक्शनं इतिहासजमा झाली, आता दंडावर देतात. रक्त आलं असेल तर लशीसोबत सीरमही मागा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर वैद्यकाच्या हातात जवळपास काही उरत नाही. हे माहीत असूनही माणसं झाडपाल्यावर तीन दिवस घालवतात, याचा मला संताप येतो.

कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, मग दरवर्षी. त्याआधीच पिल्लाला पार्वो आणि डिस्टेंपरच्या. नागझिरा-कोका अभयारण्यांच्या कडेला राहणाऱ्यांनी तर चुकवूच नये. गावातली कुत्री जंगलात शिरतात, आणि तिथं त्यांचेच भाऊबंद रानकुत्रे आहेत. २०१८ साली गीरमध्ये सिंह मेले, तेव्हा डिस्टेंपरचाच विषाणू सापडला होता. तुमच्या अंगणातली एक सुई जंगलातल्या अख्ख्या कळपाच्या कामी येऊ शकते.

महिन्याभरानं साकोलीकडच्या त्या घरी पुन्हा गेलो. साखळी निघाली होती, मागच्या आवाराला तारेचं कुंपण आलं होतं. एवढं आवार मोकळं, तरी कुत्रा खांबाभोवती त्याच दोन हातांच्या रिंगणात फिरत होता.

"पाहा ना जी, सोडला तरी तिथंच फिरते."

मी रिंगणाबाहेर उकिडवा बसलो, तळहातावर अंड्याचा तुकडा ठेवला आणि हाक मारली. कडेपर्यंत आला, थांबला, परत फिरला. पुन्हा आला, पुन्हा फिरला. तिसऱ्या वेळी एक पंजा बाहेर टाकला, जमीन हुंगली आणि मग दुसरा टाकला.